मुलगी हिवाळ्यात स्पितीला फील्डवर जाते म्हणते, चार महिने बर्फात... कोणी राहिलंय का तिथं?

तिलकनगरची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे. मुलीचं एमएस्सी झूलॉजी यंदा झालं आणि आता तिनं हिमाचलात स्पितीला हिवाळ्याचं काम घेतलंय. हिमबिबट्यासाठी कॅमेरे लावायचे, भरल मोजायचे (डोंगरातली जंगली मेंढी असते ना, ती), गावात लोकांच्या घरी राहायचं, नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्च संपेपर्यंत. गावाचं नाव किब्बर. नेटवर बघितलं तर चौदा हजार फूट. आपल्याकडे पारा आठ-नऊवर आला की आम्ही दारं लावून बसतो आणि ही उणे पंचवीसमध्ये जायचं म्हणते. हिचे बाबा म्हणतात चार महिन्यांच्या कामाला नोकरी म्हणत नाहीत, आधी काहीतरी पक्कं बघ. मी मधल्या मधे. मला तिला अडवायचं नाहीये, पण खरं सांगते रात्री झोप लागत नाही. इथं कोणी असा सीझन केलाय का? राहणं, खाणं, बाथरूम, फोन, मुलीच्या जातीला सगळं कसं आहे? आणि मुख्य म्हणजे या कामाचा काही उपयोग होतो का?

रामबागची
काकू, मी केलाय. दोन हिवाळे, दोन्ही किब्बर आणि आसपास. मी पण इंदूरचीच, त्यामुळे तुमची थंडी आणि तिथली थंडी दोन्ही माहीत आहेत. मोठं लिहिते, चालेल ना? तुकड्यातुकड्यांनी लिहिते.

आधी पोचायचं, कारण पहिली चूक तिथंच होते. मनालीकडून कुंझुम खिंडीचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो. २०२० मध्ये अटल बोगदा झाला त्यामुळे लोकांना वाटतं आता बारा महिने चालू, पण बोगदा लाहौलला नेतो, कुंझुम (४,५५१ मीटर) त्याच्या पुढे राहतो. म्हणून शिमल्याकडून जायचं, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो करत काझा. लांबचा रस्ता आहे पण तब्येतीला तोच बरा कारण उंची हळूहळू वाढते. पिओला किंवा वर कल्पाला दोन रात्री, काझाला दोन रात्री, मगच किब्बर. मी पहिल्या वर्षी घाई केली, पिओला एकच रात्र काढली आणि काझाला उतरल्यावर दोन दिवस डोकं असं ठणकलं की पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरेना. उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यायची, आणि घेतली म्हणून पुढे पळायचं नाही.

राहणं गावातल्याच घरात. जाड मातीच्या भिंती, सपाट छत, मधल्या खोलीत तंदूर. हा आपला रोटीचा तंदूर नाही, पत्र्याची शेगडी असते आणि तिचं नळकांडं छतातून बाहेर काढलेलं असतं. त्यात शेणाच्या गोवऱ्या आणि थोडं लाकूड, लाकूड खालून विकत आणावं लागतं कारण तिथं झाडं जवळपास नाहीतच. हिवाळ्यात अख्खं घर त्या एका खोलीत येतं, जेवण तिथं, झोप तिथं, मुलांचा अभ्यास तिथं, लोकर कातणं तिथं. मुलीच्या दृष्टीनं विचारलंत तर मला तिथं कधीच भीती वाटली नाही, घरातली आमा (म्हणजे आई) आणि तिच्या सुना यांच्यातच मी झोपायचे. तरी एक करा, टीममध्ये आणखी मुली आहेत का आणि मुक्काम कोणत्या घरी आहे हे आधी विचारून घ्या. विचारण्यात काही चूक नाही.

बाथरूम. कोरडा संडास असतो. वरच्या मजल्यावर जमिनीत भोक, खाली बंद खोली, बाजूला मातीचा ढीग आणि फावडं. पाणी वापरायचं नाही, वर माती टाकायची. वास येत नाही कारण सगळं गोठलेलं असतं, आणि पुढे त्याचं खत होऊन शेतात जातं, जव आणि मटार त्यावरच पिकतो. पाळीचं सामान चार महिन्यांचं पूर्ण इथूनच द्या. वापरलेले पॅड तिथं कुठे फेकायचे नाहीत, वेगळ्या पिशवीत बांधून ठेवायचे आणि परत येताना खाली आणायचे, मी आणायचे. अंघोळ पंधरा दिवसांतून एकदा. हे ऐकून माझी आजी आधी गप्प झाली आणि मग म्हणाली तीर्थाला गेलीस असं समजू.

मुरारचा_फौजी
ग्वाल्हेरहून. ताई, मी फौजेतून रिटायर झालोय, लडाखमध्ये हिवाळे काढलेत. रामबागची ताईंचं लिहून झाल्यावर लिहीन म्हणत होतो पण एक गोष्ट थांबू शकत नाही. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही. थंडीपेक्षा मला या एका गोष्टीची जास्त काळजी वाटते. कोळशाचा, लाकडाचा, कशाचाही अर्धवट जळालेला धूर, त्यातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास येतो. माणूस झोपेतच जातो. नळकांडं नीट आहे का, बर्फानं वरून बुजलं नाही ना, आणि खिडकीला बोटभर फट आहे का, हे तिनं रोज झोपायच्या आधी स्वतः बघायचं. दुसऱ्याच्या भरवशावर सोडायचं नाही. तिला सांगा एका काकांनी हात जोडून सांगितलंय.

रामबागची
काका एकदम बरोबर. आमच्या घरी आमा झोपायच्या आधी तंदूर विझू द्यायची, मग गोधड्या. पहाटे खोलीतलं बादलीतलं पाणी वरून गोठलेलं असायचं पण झोप छान लागायची.

आता पाणी, कारण मला जे खरं सांगायचंय ते इथूनच सुरू होतं. हिवाळ्यात नळ गोठतात. पहिल्या आठवड्यात मी रोज सकाळी तोंड धुवायला एक मोठं भांडं गरम पाणी घ्यायचे. आमा काही बोलली नाही. मग एक दिवस मी तिच्याबरोबर झऱ्यावर गेले. कुऱ्हाडीनं बर्फ फोडायचा, भोकातून मगानं पाणी काढून कॅन भरायचा, तो पाठीवर दोरीनं बांधायचा आणि चढ चढायचा. वाटेवर रोजचं सांडलेलं पाणी गोठून काचेसारखं झालेलं, त्यावर राख टाकलेली, तरी पाय सरकतो. माझ्या भांड्याचं पाणी असं कोणाच्या तरी पाठीवरून आलं होतं, आणि त्या पाठीचं वय साठच्या पुढे होतं. त्या दिवसापासून माझं तोंड अर्ध्या मगात धुवून व्हायला लागलं आणि एक खेप माझी ठरली. पहिल्यांदा मी अर्धा कॅन सांडला.

म्हणून काकू, मला ठामपणे असं वाटतं की पहिल्या सीझनला आपण गावावर ओझं असतो. आपल्याला चालता येत नाही, बर्फ कुठे पोकळ आहे कळत नाही, भरल समोर असतो आणि दिसत नाही, गोवरी किती टाकायची समजत नाही, आणि आपल्यामुळे टीमचा वेग निम्मा होतो. दुसऱ्या सीझनला आपण कामाला येतो. तेव्हा मुलीला पाठवणार असाल तर एका हिवाळ्यासाठी मनाची तयारी करू नका, दोन धरून चाला. एक सीझन करून फोटो घेऊन परत जाणारे खूप येतात, गावानं त्यांना शिकवलेलं सगळं त्यांच्याबरोबर परत जातं, मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मांडवीकर_बडोदे
वाचतोय, छान चाललंय. आमच्या बडोद्याला थंडी म्हणजे स्वेटर कपाटातून काढायचा आणि परत ठेवायचा. माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटात असाच सीझन करतो, तिथं कॉन्झर्व्हेशन कोअर म्हणतात, पंचवीसच्या आतली मुलं मुली टोळी करून राहतात. हिवाळ्यात त्यांचं काम म्हणजे बकथॉर्न नावाचं बाहेरून आलेलं झुडूप कापणं, आणि कापलेल्या फांद्यांचे ढीग बर्फ पडल्यावर जाळणं, कारण आजूबाजूला बर्फ असला की आग पसरत नाही. जमीन गोठलेली असते म्हणून मशीनं नेली तरी माती खराब होत नाही. हिवाळा हाच त्यांचा कामाचा मोसम आहे हे ऐकून मला नवल वाटलं होतं. उन्हाळ्यात तो डोंगरात पायवाटा दुरुस्त करायला गेला होता तेव्हा दोघांनी धरायच्या लांब करवतीनं पडलेली झाडं कापायचे, कारण १९६४ च्या कायद्यानं राखीव रानात मोटारवाली हत्यारं चालत नाहीत. कोणाची मुलं तिकडे जायचा विचार करत असतील तर एक लक्षात घ्या, अमेरिकोअरच्या (तिथली सरकारी सेवा योजना, अशा टोळ्यांतल्या बऱ्याच जागा तिच्यातून भरतात) जागा तिथल्या नागरिकांना किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतात, स्टुडंट व्हिसावर नाही. भाच्याचा जन्म तिथलाच म्हणून त्याला जमलं.

रामबागची, प्रत्यक्ष काम काय असतं ते लिहा ना.

रामबागची
हो, आता काम.

कॅमेरा. समोर काही हललं की हा आपोआप फोटो काढतो. बिबट्या कुठून जातो हे गावातली पोरं मला शिकवायची, मी कॉलेजात जे शिकले होते त्यातलं फारसं तिथं चाललं नाही. कड्याच्या पायथ्याशी, डोंगराच्या धारेवर, जिथं पुढे झुकलेला मोठा खडक असतो तिथं तो थांबतो, खडकावर मूत्राची फवारणी करतो, मागच्या पायांनी माती उकरतो. पोरं खडकाला नाक लावून सांगतात ताजं आहे की जुनं. आधी मला संकोच वाटायचा, मग मी पण लावायला लागले, ताज्याचा वास उग्र असतो, एकदा कळला की विसरत नाही. तिथं गुडघ्याएवढ्या उंचीवर, दगडांच्या छोट्या रचलेल्या ढिगात कॅमेरा बसवायचा. तोंड उगवतीला किंवा मावळतीला करायचं नाही, नाहीतर सूर्यामुळे उगाच शेकडो फोटो निघतात. समोरचं गवत उपटायचं, ते वाऱ्यानं हललं तरी फोटो निघतो. मग स्वतः चार पायांवर समोरून चालून बघायचं की फोटो येतोय का. सगळ्यात शेवटी पाटीवर जागेचा नंबर, तारीख, वेळ लिहून ती कॅमेऱ्यासमोर धरायची.

ही पाटी का, ते मी माझ्या चुकीवरून सांगते. जानेवारीत एका जागी बॅटऱ्या बदलल्या, कॅमेऱ्याची तारीख आपोआप मागे कंपनीच्या मूळ तारखेवर गेली आणि मी बघितलंच नाही. तेवीस दिवस सगळे फोटो चुकीच्या तारखेनं निघाले. त्यात बिबट्या दोनदा आला होता. मला रडू आलं, कारण तारीख नसेल तर तो फोटो हिशोबातून जातो. पण पहिल्या फोटोत माझ्या हातातल्या पाटीवर खरी तारीख आणि वेळ होती, त्यावरून फरक काढून सगळे फोटो सुधारता आले. गावचा टीम लीडर रागावला नाही, त्यानं मला ते सगळे तेवीस दिवस बसून हातानं तपासायला लावले. त्यानंतर मी एकही कॅमेरा न बघता सोडला नाही.

त्याच बॅटऱ्यांच्या दिवशी दुसरं पण झालं. सेल आत सरकत नव्हते म्हणून मी आतले पातळ ग्लोव्हज पण काढले. चार-पाच मिनिटं असतील. दोन बोटांची टोकं पांढरी पडली, मेणासारखी, चिमटा काढला तरी कळेना.

मुरारचा_फौजी
मग काय केलंत?

रामबागची
चोळायला लागले होते, बरोबरच्या दादानं हात धरला आणि सरळ स्वतःच्या जॅकेटच्या आत काखेत दाबून ठेवायला लावला. वीसेक मिनिटांनी जळजळ सुरू झाली, खूप दुखलं, पण रंग परत आला. टोकांची सालं निघाली नंतर.

मुरारचा_फौजी
बरोबर केलं त्यानं. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच चोळायचा नाही, आणि शेगडीसमोर धरायचं नाही कारण बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. अंगाची ऊब सगळ्यात चांगली. काळं पडलं किंवा फोड आले तर डॉक्टर. अजून दोन गोष्टी ताई. सुती बनियन, सुती मोजे अंगाला लागून घालायचे नाहीत, घाम धरून ठेवतात आणि थांबलं की तोच घाम गोठवतो, लोकर किंवा थर्मल घ्या. आणि मोजे तीन-तीन चढवून बूट घट्ट करायचा नाही, रक्त खेळलं नाही तर पाय आधी जातो. बूट एक नंबर मोठा घ्या. काळा चष्मा चांगला, बाजूनं बंद असलेला, बर्फावरच्या उन्हानं डोळे एका दिवसात सुजतात.

शिप्रेपलीकडे
मी देवासजवळ शेती करतो, वन्यजीवांचं मला काही कळत नाही, पण एक विचारायचंय. स्पितीला बर्फ पडतो तो कशानं? पावसाळा तिथं पोचत नाही ना?

रामबागची
दादा, फार आवडला प्रश्न. पावसाळी ढग अलीकडच्या डोंगरांतच अडतात म्हणून स्पिती जवळजवळ वाळवंट आहे. बर्फ पडतो तो पश्चिमी विक्षोभानं, भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात येतात त्या वाऱ्यांनी. आणि आपल्या माळव्यात डिसेंबर-जानेवारीत मावठा होतो ना, तो पण बहुतेक वेळा त्याचाच. एकदा जानेवारीत दोन दिवस सारखा बर्फ पडला, छतावरून फावड्यानं काढून काढून हात गेले (मातीचं छत असतं, बर्फ साठू दिला तर वितळून आत गळतो), तिसऱ्या दिवशी फोन लागला तर आई म्हणाली इथं परवा मावठा झाला, गव्हाला चांगलंय. मी तिला म्हटलं तोच आमच्याकडे पण आलाय. त्या हिवाळ्यात घराची आठवण येऊन खूप एकटं वाटायचं, पण त्या फोननंतर बर्फ पडायला लागला की मला इंदूरचे ओले रस्ते दिसायचे. तिथल्या लोकांसाठी बर्फ म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं शेताचं पाणी, बर्फ कमी पडला की मेमे लोक (आजोबा) काळजीत असतात.

शिप्रेपलीकडे
म्हणजे मावठा आपला एकट्याचा नाही. बरं वाटलं वाचून. लिहा पुढे ताई.

तिलकनगरची_आई
सगळं लेकीला वाचून दाखवतेय. शेगडीचं तिला दोनदा म्हणायला लावलं. बाबा पण बाजूला बसून ऐकतायत, बोलत नाहीत काही. भरल मोजतात म्हणजे कसं? डोंगरात फिरणारे प्राणी मोजायचे कसे, तेच तेच परत मोजले जात नाहीत का? हा प्रश्न बाबांचा आहे.

रामबागची
काकांना सांगा यात हिशोब आहे, त्यांना आवडेल. दोन तुकड्या करतात. पहिली निघते, दुसरी थोड्या वेळानं त्याच वाटेनं. एकमेकांना काही सांगायचं नाही, बोट दाखवायचं नाही. दिसलेला प्रत्येक कळप वहीत, कुठे होता, किती होते, नर, मादी, पिल्लं. त्यावरूनच संध्याकाळी वह्या जुळवताना कोणता कळप कोणता ते ओळखू येतं. समजा पहिल्या तुकडीला १० कळप दिसले, दुसरीला ८, आणि त्यातले ६ दोघांच्या वहीत आहेत. म्हणजे दुसरीच्या ८ पैकी ६ पहिलीला दिसले होते, तिची नजर साधारण पाऊण पकडते. पाऊण नजरेला १० दिसले तर खरे १३ च्या आसपास असणार. दोघांनी मिळून १२ बघितले, म्हणजे एखादा कळप दोघांच्याही नजरेतून निसटलाय. न दिसलेल्याचा अंदाज दिसलेल्यांवरून निघतो हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी त्या रात्री वही परत परत उघडून बघत होते.

भरल मोजायचे कारण बिबट्याचं पोट त्यांच्यावर आहे. भरल कमी झाले की बिबट्याही कमी होतात. किब्बरच्या लोकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःची काही चराऊ जमीन भरलांसाठी मोकळी सोडली, गुरं तिथं नेणं बंद केलं, म्हैसूरच्या नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेबरोबर. पुढे गुरांचा विमा पण सुरू झाला, गावकरी हप्ता भरतात, बिबट्यानं जनावर मारलं तर गावातलेच लोक बघून भरपाई ठरवतात. ज्यांचं नुकसान होतं त्यांनीच हे उभं केलंय, म्हणून मला त्या गावाबद्दल इतकं वाटतं.

नोव्हेंबरात बर्फ पक्का बसायच्या आधी मेंढवाडे बंद करायचं काम असतं. एका घरी आम्ही पोचलो त्याच्या आदल्या रात्री बिबट्या छतातल्या भोकातून आत उतरला होता. आत शिरला की मेंढ्यांना पळायला जागा नसते, त्या घाबरून धावतात आणि तो मारत सुटतो. नऊ मेल्या होत्या. त्या घरची बाई दारात बसून एकेकीच्या कानातली लोकरीची खूण सोडवत होती, रंगीत गोंडा असतो, कोणाची मेंढी कळावी म्हणून. नऊ गोंडे तिनं ओटीत ठेवले. ती बिबट्याला शिव्या देत नव्हती, पण त्याच्याबद्दल गोड बोलावं अशी अपेक्षा तिच्याकडून कोणी करू नये. आम्ही तीन दिवस तिथंच काम केलं, छतावर आडवी लाकडं, त्यावर लोखंडी जाळी, दाराला नवी चौकट, खालची फट दगडांनी बंद. जाळी दोघांनी ताणून धरायची आणि तिसऱ्यानं तारेनं बांधायची. त्या हिवाळ्यात तिच्याकडे परत काही झालं नाही. माझ्या दोन सीझनमध्ये मी केलेलं सगळ्यात उपयोगाचं काम तेच, असं मला आजही वाटतं.

इंदूरी_पक्षीवाला
मी फेब्रुवारीत टूरवर गेलो होतो किब्बरला, हिमबिबट्या बघायला. दिसला, दुर्बिणीतून. एक प्रश्न, तिथं कुत्री खूप दिसली, ती पण त्रास देतात का?

रामबागची
खूप. उन्हाळ्यात टुरिस्टचा कचरा, हॉटेलांचं उष्टं, त्यावर कुत्री वाढतात. हिवाळ्यात हॉटेलं बंद, मग ती टोळीनं मेंढ्यांवर जातात, भरलांवर पण. कॅमेऱ्यात कुत्री पुष्कळ येतात. परत गेलात तर कचरा खाली घेऊन या आणि कुत्र्यांना बिस्किटं घालू नका, दया येते मला माहीत आहे, मला पण यायची.

ग्वाल्हेरचा_रिसर्चवाला
मी एक सीझन केलाय, स्पितीला नाही, दुसरीकडे, जागा आणि संस्था लिहीत नाही. काम आवडलं पण मानधन सहा महिने उशिरा मिळालं आणि विमा काढलाय म्हणाले तो काढलाच नव्हता. काकू, जायच्या आधी कागदावर घ्या. मानधन किती, कोणत्या तारखेला, अपघात विमा कोणत्या नंबरचा, आजारी पडली तर खाली आणायची जबाबदारी कोणाची, आणि वनखात्याची परवानगी कोणाच्या नावावर. मुलं लाजतात विचारायला, म्हणून आईवडिलांनी विचारायला लावायचं.

रामबागची
+१. हे मी लिहायला हवं होतं.

तिलकनगरची_आई
हे फार कामाचं. ती उद्याच मेल करणार आहे. आणि ते उपयोगाचं विचारलं होतं...

रामबागची
काकू, ३० जानेवारी २०२४ ला देशातल्या हिमबिबट्यांचा पहिला पूर्ण अंदाज जाहीर झाला. ७१८. त्यातले ४७७ लडाखात, १२४ उत्तराखंडात, हिमाचलात ५१. त्यासाठी १,९७१ जागी कॅमेरे लागले आणि १३,४५० किलोमीटर वाटा तुडवल्या, आणि अंगावरच्या ठिपक्यांवरून वेगवेगळे म्हणून ओळखू आले ते २४१. तोपर्यंत किती आहेत हे नीट माहीतच नव्हतं. त्यातला प्रत्येक कॅमेरा कोणीतरी असाच डोंगर चढून लावलाय, आणि बऱ्याच ठिकाणी त्यात त्या त्या गावातले लोक होते.

नोकरीचं म्हणाल तर खरं सांगते, पक्कं काही नाही. मी पहिल्या सीझननंतर एप्रिलमध्ये घरी आले, इथं चाळीस डिग्री, दोन महिने हातात काम नाही, नातेवाईक विचारायचे पुढे काय, मी उत्तर द्यायचे नाही. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) दोन्ही वर्षी चुकली, राजवाड्यावरचे फोटो तिथं बर्फात बसून बघितले. दुसऱ्या सीझननंतर त्यांनी मला फोटो छाटायचं काम दिलं. आता मी उन्हाळाभर इंदूरला बसून हजारो फोटो बघते, बरेचसे रिकामे, वारा, याक, चकोर, कोल्हा, कुत्रा, आणि मधेच कधीतरी ती लांब शेपूट. डाव्या बाजूचे ठिपके जुन्या फोटोंशी जुळवायचे. पगार बँकवाल्यांएवढा नाही आणि दर वर्षी करार नव्यानं होतो. काकांची काळजी चुकीची नाहीये, माझे बाबा पण तेच म्हणतात. मी अजून त्यांना पटेल असं काही देऊ शकलेले नाही, पण हे काम सोडावंसं मला एकदाही वाटलं नाही.

आणि प्रत्यक्ष बिबट्या मला दोन वर्षांत दोनदाच दिसला, तोही समोरच्या डोंगरावर, दुर्बिणीतून. पण एका सकाळी आम्ही कॅमेऱ्याकडे निघालो, आदल्या दिवशी आम्हीच बर्फ तुडवून वाट केली होती, आणि रात्री तो त्याच वाटेनं चालत गेला होता. माझ्या बुटाच्या ठशात त्याचा पंजा, नख नाही, गोल, मधे उतरलेला. पुढे दीडेकशे पावलं असंच, त्यालाही खोल बर्फात चालायला नको होतं. दादा म्हणाला शेन (तिथं हिमबिबट्याला शेन म्हणतात) आपल्या मागून आला. मी ते ठसे मोडायला नको म्हणून बाजूच्या बर्फातून मांडीपर्यंत बुडत गेले, कोणी मला अडवलं नाही.

मांडवीकर_बडोदे
हा फोटो आहे का तुमच्याकडे?

रामबागची
आहे, पण जागा ओळखू येते म्हणून इथं टाकत नाही. राग मानू नका.

तिलकनगरची_आई
ठरलं. मेलचं उत्तर आलं, विमा आहे, नंबर पाठवलाय, मानधनाची तारीख लिहून दिलीय, टीममध्ये अजून एक मुलगी आहे सिक्कीमची. हिचे बाबा अजून हो म्हणाले नाहीत पण काल बुटाच्या दुकानात तेच घेऊन गेले आणि एक नंबर मोठा द्या असं दुकानदाराला तेच म्हणाले. बोटांचे ग्लोव्हज दोन जोड घेतले. आता खायचं काय देऊ? डाळ तिथं शिजते का?

रामबागची
उघड्या भांड्यात नाही शिजत काकू, एवढ्या उंचीवर पाणी ८६ डिग्रीच्या आसपासच उकळतं, तासभर ठेवा तरी दाणा कच्चा. घरात कुकर असतो पण गॅस जपून वापरतात. म्हणून पोहे द्या, जाडे, तीन-चार किलो. पोह्यांना शिजवायला काही लागत नाही, भिजवायचे आणि फोडणी. मी तिथं रविवारी करायचे, कांदा नसला तरी सेव टाकून. आमाची नातवंडं ताट चाटायची. बर्फ वितळवून पाणी करायचं झालं तर भांड्यात आधी थोडं पाणी घालायला सांगा, कोरडा बर्फ टाकला की तळ करपतो आणि पाण्याला वास लागतो, मग चहा पण पिववत नाही.

आणि जिरावण (आपला पोह्यांवरचा मसाला). स्वतःपुरतं नको, जास्त द्या. आमा थुकप्यावर (तिथलं नूडल्सचं सूप) घालायची, माझं फेब्रुवारीतच संपलं होतं.

तिलकनगरची_आई
चार पुड्या बांधल्या. त्यातल्या दोनांवर तिनं पेननं आमा असं लिहिलंय. मंगळवारची गाडी आहे.